कल्याणच्या कॅम्पातल्या दोन टोपल्या

ठाण्याच्या नौपाड्यात पेन्शन खात बसलोय म्हणून येणारा-जाणारा विचारतो, हवालदार, ब्रह्मदेशात किती माणसं मारलीत? मोजली नाहीत बाबा. धुरात कोण मोजत बसतो? लढाईचं सगळं सरकारी कागदात आहे, तिकडे जाऊन वाचा. माझ्या डोक्यात घर करून बसली आहे ती लढाईच्या आधीची एक सकाळ आणि मटणाच्या दोन टोपल्या. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर वाट मोकळी आहे.

मी तेव्हा नाईक होतो. आमची कंपनी ठाण्यात खजिन्यावर आणि तुरुंगावर गार्डाला. काम कंटाळवाणं. सहाला परेड, आठला गार्डबदली, मग दिवसभर कुलपाकडे बघायचं. दिवाळीनंतर हुकूम आला. पलटण पुण्याहून रेल्वेने उतरते आहे, तुम्ही कल्याणला जाऊन मिळा, तिथून मुंबई, मुंबईहून जहाज. आम्ही पहाटे चारला निघालो. होडीने खाडी उतरून कळव्याला लागलो, मुंब्र्याच्या डोंगराखालून चालत दुपारी एकला कल्याणच्या कॅम्पात पोचलो.

कंपनीत ऐंशी माणसं. मराठे जास्त, पंधराएक मुसलमान, बाकी मिसळ. त्यात लान्स नाईक हसन मुलाणी, मुरबाडकडचा. पुढच्या महिन्यात त्याला नाईकाची फीत लागणार होती. त्याची आई कल्याणात भावाकडे राहायची. पोचल्या दिवशी दोन तासांची सुट्टी काढून तो तिला भेटून आला, बढतीचं सांगून आला. म्हातारीने गल्लीभर गूळ वाटला, असं लाजत लाजत मला सांगत होता.

कंपनीचं बकरं हसनच कापायचा. मला पहिल्यापासून खोड, कोणी काही करत असलं की जवळ जाऊन बघायचं. हसन आधी जनावराला पाणी पाजायचा. सुरी त्याच्यासमोर घासायचा नाही. एका बकऱ्यासमोर दुसरं कापायचा नाही. अल्लाचं नाव घेऊन एकदाच सुरी फिरवायचा आणि रक्त पूर्ण वाहू द्यायचा. शेजारच्या तंबूंत पंजाबकडची शीख कंपनी होती, ती आमच्याच जहाजावर जाणार होती. त्यांच्या हवालदारालाही मी संध्याकाळी जाऊन विचारलं. तो म्हणाला, एका घावात मान उडाली पाहिजे, जनावराला कळताच कामा नये. म्हणजे गंमत बघा, दोघांनाही जनावराचीच दया, आणि दोघंही एकमेकांच्या हातचं खाणार नाहीत. यात खरं कोण, असं मी हसनला विचारलं. तो म्हणाला, तुला काय करायचंय, तू जेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कंत्राटदाराची गाडी आली. जहाजावर चढण्यापूर्वी सरकारने मटणाचं राशन मंजूर केलं होतं. दोन्ही कंपन्यांना कंत्राटदार एकच. गाडीत दोन मोठ्या टोपल्या, वर पळसाची पानं. एक शिखांची, एक आमची. कुठली कोणाची? गाडीवान म्हणाला, मला भरून दिलं, मी आणलं. मुंडकी आणि कातडी मागेच राहिलेली, मटणाचे तुकडे केलेले, टोपल्यांवर खूण म्हणून साधी दोरीसुद्धा नाही.

शिखांचा हवालदार पान उचलून बघून गेला, म्हणाला, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही घेत नाही. आमचे मुसलमान मागे सरले. मग आमचे मराठेही मागे सरले. कप्तानसाहेब नवा होता, विलायतेहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. तो हिंदुस्थानीत म्हणाला, मुसलमान नहीं खाता, समझा. सिख नहीं खाता, समझा. तुम हिंदू लोग क्यों नहीं खाता?

सुभेदार कदम पुढे होऊन म्हणाले, "साहेब, मुलाण्याच्या हातचं नसेल तर आम्हाला चालत नाही."

तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही. आपल्या गावच्या जत्रेचं बकरंसुद्धा मुलाणीच कापतो, तो त्याचा हक्क. दसऱ्याला पलटणीत एका घावात बळी देतो तो देवीचा मान, ते वेगळं. पण साहेबाच्या डोक्यात ते शिरेना. हिंदूला मुसलमानाची सुरी पाहिजे, हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. सत्तावन साली काडतुसांवरून काय झालं ते साहेब लोकांना आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. त्याने हिशेब बांधला, की कोणीतरी माणसं फितवली. कोणी? ज्याची सुरी त्याने.

साडेसातला हसनचा पट्टा काढला. त्याला क्वार्टरगार्डसमोर, म्हणजे पलटणीच्या पहारा-चौकीपुढे, उभा केला. साहेब म्हणाला, हा जहाजावर येणार नाही. फीत जाईल, पुण्याला कोर्ट होईल, नाव कटेल. मुंबईची आगगाडी दुपारी चारची. तोपर्यंत चौकशी पुरी झाली पाहिजे.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. नाव कटलं म्हणजे पेन्शन गेली, आणि कल्याणच्या गल्लीत म्हातारीने गूळ वाटलेला.

एक पळवाट होती. साहेबच म्हणाला, तू मुलाणी ना? तुला ओळखता येत असेल. कुठली टोपली तुझ्या पद्धतीची ते दाखव, म्हणजे सगळे जेवतील, प्रकरण मिटेल. सुभेदारांनी खालच्या आवाजात मराठीत सांगितलं, अरे, कुठल्याही एकीवर बोट ठेव, कोणाला कळणार आहे? मीही म्हणालो, ठेव बाबा एकदाचं. हसनने दोन्ही टोपल्यांवरची पानं बाजूला केली, मटण निरखून पाहिलं, पानं पुन्हा झाकली.

म्हणाला, "सुभेदारसाहेब, माझ्या बोटावर ऐंशी माणसं जेवणार. मी कापताना पाहिलेलं नाही. मला माहीत नाही."

सुभेदारांनी ते साहेबाला सांगितलं. साहेबाला वाटलं, हा मगरुरी करतोय. तो कोर्टाचा कागद लिहायलाच बसला.

मी सॅल्यूट केला आणि अर्ज आहे म्हणालो. म्हणालो, साहेब, आमची माणसं वेगवेगळ्या तालुक्यांतली आहेत. पाहिजे ते मराठे निवडा, एकेकाला एकटं बोलवा आणि एकच विचारा, तुझ्या गावात बकरं कोण कापतो? हसनने फितवलं असेल तर उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत. कप्तान नाही म्हणणार होता. पण पलटणीचा अजिटनसाहेब, म्हणजे कर्नलच्या हाताखाली पलटणीचं कामकाज बघणारा गोरा अधिकारी, तिथे उभा होता. वयाने मोठा, मराठी बोलणारा. त्याला माझ्यासारखीच खोड असावी. तो म्हणाला, मलाही हे समजून घ्यायचंय.

आंब्याखाली टेबल मांडलं. बारा जण निवडले, लांब लांब उभे केले. पहिला मुरबाडचा. मुलाणी, म्हणाला. दुसरा साताऱ्याचा, मुलाणी. खेडचा, मुलाणी. माणगावचा, मुलाणी. जुन्नरच्याने तर वर मुलाण्याला मुंडकं देतात की पाय, तेही सांगून टाकलं. अजिटनसाहेब प्रत्येकाचं लिहून घेत होता. बारावा आला पांडू, भोरकडचा. गळ्यात तुळशीची माळ. म्हणाला, साहेब, मी माळकरी, मटण खात नाही. मग तू मागे का सरलास? पांडू म्हणाला, सगळे सरले, मी एकटा पुढे राहून काय करू? अजिटनसाहेब इतका हसला की त्याची टोपी पडली.

कप्तान मात्र हसला नाही. वहीतले बाराही जबाब त्याने दोनदा वाचले. मग उठून क्वार्टरगार्डकडे गेला आणि स्वतःच्या हाताने हसनला पट्टा परत दिला. साहेबाने शिपायाला स्वतः पट्टा द्यावा हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तेव्हा अकरा वाजले होते.

टोपल्या परत गेल्या. बाजारातून जिवंत बकरी आणली. तिकडच्या अंगाला शिखांनी आपली कापली, इकडे हसनने आमची. दोन्हीकडे जाऊन मी बघून आलो. दोनला जेवलो. पांडूने कांद्याशी भाकरी खाल्ली. चारच्या गाडीत बसलो. जहाजावर हसनला नाईकाची फीत लागली.

ब्रह्मदेशात दुसऱ्याच महिन्यात तो गेला. एका गावाच्या कुंपणाजवळ पहाटे गोळी लागली. गस्तीला गेलेल्या त्या टोळीत तो आणि शिपाई दाऊद असे दोघंच मुसलमान. मी तेव्हा खाली नदीवर होड्यांच्या पहाऱ्याला होतो. बातमी मला तीन दिवसांनी कळली. टोळी घाईने पुढे गेलेली. दाऊद जखमी होऊन इस्पितळात पोचला आणि मी त्याला गाठायच्या आदल्या दिवशी वारला. बाकीच्यांना विचारलं. कोणी म्हणालं पुरलं, कोणी म्हणालं मागून येणाऱ्यांवर सोडलं. नक्की कोणाला सांगता येईना.

परत आल्यावर ठाण्याला जायच्या आधी मी कल्याणला उतरलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. पलटणीचा कागद तिला आधीच आला होता. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, समोर बसली. रडली नाही.

म्हणाली, "बाबा, माझ्या लेकाला नीट माती मिळाली ना? कोणी नमाज पढलं ना? तू होतास ना तिथे?"

मी म्हणालो, "हो. होतो मी. सगळं नीट झालं."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली आणि मग रडली. मला जेवायला वाढलं. मी जेवलो.

हसनने नोकरी जायची पाळी आली तरी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल जो खोटा शब्द काढला नाही, तो माझ्या तोंडून एका म्हातारीसाठी निघून गेला. चुकलो की बरोबर केलं, इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. म्हातारी गेल्या वर्षी वारली, म्हणून आज बोललो. नाईक हसन मुलाणी, राहणार मुरबाड. त्याला कोणी पुरलं, कुठे पुरलं, मी पाहिलेलं नाही.