बॉयलरचं प्रकरण कोणी तपासायचं

झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला की मला पलसाण्याची कापड रंगवणारी डाइंग मिल आठवते. नव्वदच्या दशकात तिथे जाडजूड सुरक्षा-पुस्तिका तयार होत होती आणि कोणतं प्रकरण कोणी तपासायचं, ती यादी मी करत होतो. बॉयलरचं प्रकरण मी दोन इंजिनिअरांना दिलं. दोघांनीही ‘बराबर’ लिहून सह्या केल्या. मग डिंडोलीहून येणारे खानदेशी बॉयलरवाले काका माझ्या टेबलापाशी आले. “बॉयलर मी चालाडस, मंग मन्हं नाव काबर नही?” मी प्रकरण उघडून त्यांना इंग्रजी मजकूर मराठीत सांगू लागलो. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर लगेच पाणी सोडावं, या वाक्याला त्यांनी माझा हातच धरला. “आधी आग काढनी पडस, भाऊ. तापेल नळीसवर थंड पानी पडनं तं बॉयलर फुटी!” मी धावत इंजिनिअरांकडे गेलो. त्यांतला थोरला ते वाक्य पुन्हा वाचून म्हणाला, “बात सही है. हमने ध्यान से नहीं पढ़ा.” मी यादी पुन्हा टाइप केली आणि काकांचं नाव सगळ्यांत वर घातलं. आता कोणी तपासणाऱ्यांची नावं ठरवून माझ्याकडे आणली, की त्यांची पदं मी नंतर वाचतो. आधी विचारतो, यंत्रापाशी रोज उभं कोण असतं?