पंख्यांचा आवाज

सुराबाया शहराच्या बाजारात सुलास्त्रीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत खेळणारी वेनिंग एकदा आपला जाडजूड गेमिंग लॅपटॉप घेऊन आली. तिचा ओठ फाटला होता.

"ताई, याचे पंखे बंदच करून टाका. आवाज झाला की भाऊ मारतो."

"अगं, मग हा तापेल, खेळ अडकत राहील. हरशील!"

"हरले तरी चालेल."

तेवढ्यात तिचा भाऊ दार्मो आत घुसला. त्यानं लॅपटॉप आपटला आणि केस धरून वेनिंगचं डोकं टेबलावर आदळलं. सुलास्त्रीनं हातातली, तारा जोडायची तापलेली सोल्डरिंग गन त्याच्या मनगटावर दाबली. कातडी करपली, तो किंचाळत पळाला.

दार्मोच्या तक्रारीवरून पोलिसांनी सुलास्त्रीला कोठडीत टाकलं. सुटून आल्यावर तिनं आधी वेनिंगला आपल्या दुकानावरच्या माळ्यावर राहायला आणलं.