रेवतीचा न झालेला होमवर्क

"ही परवाची वही बघा. आणि ही आजची."

तिसरी 'ब'च्या देशमुख मॅडमनी वहीची दोन पानं माझ्यापुढे धरली. परवाच्या पानावर गुणाकार होते. सगळे बरोबर, अक्षर नीट, समास आखलेला. आजच्या पानावर फक्त वरची तारीख होती, तीही शाळेत घातलेली. खाली काहीच नाही.

"आजारी होती?"

"काई नाई. ठणठणीत आहे. डबा संपवते, खेळते. विचारलं काहून नाई केला, तर मान खाली. रेड कार्ड देऊन देऊन मीच थकली."

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. राहते अमरावतीला. आठवड्यातून दोन दिवस अकोल्याच्या या शाळेत येते. समुपदेशकाकडे मूल पाठवलं की पालकांना वाटतं, मुलात काहीतरी बिघाड आहे. बहुतेक वेळा फक्त माहिती कमी पडत असते. ती गोळा करणं हे माझं काम.

रेवतीची माहिती गोळा होत होती, पण जुळत नव्हती. काही वेळा ती सलग दोन-तीन दिवस होमवर्क करत नसे. मग आठवडाभर सगळं चोख. मग एखादाच दिवस कोरा. वर्गात उभं करून धडा वाचायला सांगितलं तर कधी खणखणीत वाचायची, कधी पुस्तक हातात धरून गप्प उभी राहायची. त्यातही गंमत अशी की ज्या दिवशी वाचत नसे, त्या दिवशीचा होमवर्क बऱ्याचदा झालेला असे, आणि ज्या दिवशी होमवर्क नसे, त्या दिवशी वाचन उत्तम व्हायचं.

शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर 'वर्तन अपेक्षा' छापलेल्या आहेत. होमवर्क रोज पूर्ण असावा. शिक्षकांनी विचारल्यास नजरेला नजर देऊन, पूर्ण वाक्यात कारण सांगावं. रेवती दोन्हींत नापास होती.

प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आज येतं, उद्या येत नाही. हे लर्निंग डिसॅबिलिटीचं लक्षण असतं ना?"

लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी कायमची अडचण. अशा मुलांच्या कामात चढउतार दिसतो, हे खरं आहे. पण चढउतार दिसला म्हणजे ती अडचण आहेच, असं नाही. मी तसं सांगितलं.

"मग रेफरल करून टाका. टेस्ट होईल, कळेल. आणि पालकांना सांगा, रिपोर्ट आल्याशिवाय चौथीत पाठवण्याचं बघता येणार नाही."

रेफरल म्हणजे मुलाला बाहेरच्या तज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवणं. त्यात चूक काही नाही. पण त्याचा कागद फाइलला लागतो आणि पुढचा प्रत्येक शिक्षक मुलाच्या आधी तो कागद वाचतो. मी थोडा वेळ मागून घेतला.

रेवतीला बोलावलं. माझ्याकडचा उतारा तिने न अडखळता वाचला. अर्थ सांगितला. घरच्या मांजरीबद्दल विचारलं तर भरभर बोलली. मांजर जिन्याखाली झोपते आणि तिच्या आजोबांना चालत नाही म्हणून सगळे ती नाहीच असं दाखवतात, असं तिने सांगितलं. मग मी म्हटलं, "कधीकधी होमवर्क राहून जातो, तो कशामुळे?"

मान खाली. मी रागावणार नाही, असंही सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

देशमुख मॅडम माझ्या दारातच होत्या. "इथं तर धडाधडा वाचून राहिली. म्हणजे मी खोटं सांगून राहिली का?"

"नाही. मलाही कळत नाहीये."

पालकांना बोलावलं. वडील अकोल्याच्या कोर्टात वकील, आई बँकेत. वकीलसाहेब काळ्या कोटातच आले.

"मॅडम, तक्रार नेमकी काय आहे? मुलीला येत नाही, की मुलगी करत नाही?"

"तेच ठरत नाहीये."

"मग चार्जशीट कशाची?"

आई म्हणाली, "तिच्या मागे कधी लागावं लागत नाही हो. तिचा अभ्यास ती स्वतःच करते. मी घरी येईपर्यंत तिचं दप्तर भरलेलं असते."

कोर्टाच्या तारखा, आईच्या बँकेतली उशिराची कामं, घरातले उपास, पाहुणे, सगळं विचारून झालं. कोऱ्या दिवसांशी काहीही जुळेना. रेफरलचं नाव काढताच वकीलसाहेबांचा आवाज खाली आला. "म्हणजे कागदावर येईल?"

"येईल."

शेवटी मी म्हटलं, एक संध्याकाळ घरी येऊन बघते. याला आम्ही निरीक्षण म्हणतो. मूल जिथे अभ्यास करतं तिथे बसायचं आणि मध्ये पडायचं नाही.

घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. गल्ली अरुंद, पण घर नवं, तीन मजली. आजोबा पौरोहित्य करतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. खाली गाड्या लावायची जागा आहे, तिथे रोज संध्याकाळी चटया टाकून ते काही मुलांना पौरोहित्य शिकवतात, हे वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. मी गेले तेव्हा चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मुलं गल्लीत प्लास्टिकच्या बॉलने क्रिकेट खेळत होती. गुरुजी खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. रेवती जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर होती. शेजारी दप्तर, बंद.

मी विचारलं, "आज वर्ग नाही?"

"आज अष्टमी. अनध्याय."

मला शब्द नवा होता. गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "आमच्या अभ्यासाले सुट्टी. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा. शिकायचं नाही, शिकवायचं नाही. माझ्या वडिलांपासून पाळतो."

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सलग दोन-तीन दिवस. मध्ये अष्टमीचा एकच. मी रेवतीकडे पाहिलं. तिने दप्तर पायाशी ओढून घेतलं. अनध्यायाच्या संध्याकाळी न केलेला होमवर्क शाळेत दुसऱ्या दिवशी दिसत होता. वर्गातलं वाचन मात्र अनध्यायाच्या दिवशीच बंद असावं, म्हणून दोन्ही जुळत नव्हतं.

"रेवती, तू पण अनध्याय पाळतेस?"

तिने आजोबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गुरुजी म्हणाले, "ते पोरगी असं बोलणार नाही. आमच्याकडे गुरूनं विचारलं तर शिष्यानं कारणं द्यायची नसतात. मान खाली घालायची आणि ऐकून घ्यायचं. पोरांना मी हेच सांगतो." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "पण हिले मी कधी शिकवलंच नाही. ही तर तिथं पायरीवर बसलेली राहते."

"रोज?"

"रोज. मांजरीसाठी बसते, असं मले वाटे."

म्हणजे मांजर त्यांना माहीत होती.

वकीलसाहेब वरून उतरून आले होते. मी थोडक्यात सांगितलं. ते वडिलांकडे बघत म्हणाले, "बाबा, तिचं वर्ष जायची वेळ आली होती."

गुरुजींनी नातीला जवळ बोलावलं. "तू कोणापाशी शिकतेस?"

"तुमच्यापाशी," रेवती म्हणाली. नजर जमिनीवर.

"शाळेत वाचत नाही म्हणतात त्या दिवशी?"

"मोठ्यानं नाही वाचत. लिहिते. शाळेत लिहावं लागते. घरी काही नाही करत."

ही वाटणी तिची तिनेच केली होती. कोणी सांगितलेली नव्हती.

गुरुजी काही वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छ होता. मग म्हणाले, "अनध्याय आपल्या पाठांतराले. शाळेच्या अभ्यासाले नाही. शाळेत मॅडम सांगतील ते त्या दिवशीच करायचं. मॅडमनी विचारलं तर त्यांच्याकडे पाहून उत्तर द्यायचं."

रेवतीने वर पाहिलं. इतक्या दिवसांत तिने कोणाच्या नजरेला नजर दिलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"काहून?"

गुरुजी रागावले. आवाज चांगलाच चढला. "शिष्यानं काहून विचारायचं नसते."

रेवतीने मान खाली घातली. मग दप्तर उघडलं, गणिताची वही काढली आणि पायरीवर बसून गुणाकार करायला लागली. गुरुजींनी पेपर पुन्हा उचलला. तो बराच वेळ एकाच पानावर होता.

रेफरल झालं नाही. देशमुख मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी तिले रेड कार्ड देऊन राहिली, आणि ते पोरगी कोणाहून जास्त नियम पाळून राहिली." प्रिन्सिपल मॅडमनी फाइल बंद करायला मागवली. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात चार पर्याय छापलेले होते: शारीरिक, भावनिक, कौटुंबिक, अध्ययनविषयक. कशावर खूण करायची, यावर आमची दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांनीच रकाना रिकामा ठेवला आणि सही केली.

त्यानंतर होमवर्क रोज येतो, अष्टमीलाही. देशमुख मॅडमनी काही विचारलं तर रेवती त्यांच्याकडे बघते, उत्तर देते, आणि उत्तर संपलं की मान खाली घालते. तेवढं आम्ही राहू दिलं.

संध्याकाळी ती आता चटईवर बसते की पायरीवरच, हे मी विचारलेलं नाही. ते माझ्या कामात येत नाही. कामापुरतं एवढंच शिकले: मूल नियम पाळत नाही अशी तक्रार आली, की ते दुसऱ्या कोणाचे नियम पाळतंय का, हे आधी विचारते. उत्तर मुलाकडून मिळेलच असं नाही. घरी जावं लागतं, आणि नेमक्या तिथीला जावं लागतं.