मागचं दार बसेना

आमच्या गाडीला चासी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, नाही, हे मला गाडी घेऊन बरेच दिवस झाल्यावर कळलं. तोवर मी मुरबाडच्या पुढच्या रानात, ओढ्यांत, दगडगोट्यांवर रविवारचे रविवार तिला नाचवून घेतलं होतं. गाडी जुनीच घेतलेली, चारही चाकांना जोर पोचवणारी, दिसायला रांगडी. तसा दिसायला मीही रांगडा आहे. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो, हे गाडीला कुठे माहीत?

पहिला संशय बायकोला आला. कोपरीला बाबांकडे न्यायचं सामान ती मागे भरत होती.

"अरे, हे दार दोनदा आपटावं लागतंय."

"रबर आखडलं असेल गं, थंडीने."

"ठाण्यात? थंडीने?"

तिने दार पुन्हा उघडून दोनदा आपटून दाखवलं. आमच्या घरात हे लक्षण चांगलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकटाच उतरलो आणि दाराचा इलाज केला. लहानपणापासून मला एकच इलाज येतो. कोपरीच्या घरातल्या लोखंडी कपाटाचं दार अडायला लागलं की बाबा घरात आलेली एखादी लग्नपत्रिका चौघडी करून कपाटाच्या एका पायाखाली सरकवत. दार गुपचूप बसे. ते कपाट आजही कुणाच्या तरी शुभविवाहावर उभं आहे. मीही तेच केलं. मागच्या दाराचं कुलूप गाडीच्या ज्या कडीत अडकतं, ती सैल केली, खाली दोन वॉशर सरकवले आणि पुन्हा आवळली. दार बसलं. वर येऊन मी बायकोला सांगितलं, "केलं नीट." वॉशरचं बोललो नाही. डॉक्टर तरी कुठे सगळं सांगतात?

मग गाडी धुताना मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, पत्र्याला एक बारीक रेघ दिसली. बायकोने तिच्यात नख घातलं. नख आत गेलं.

"ही ओरखड्याची रेघ नाही," ती म्हणाली. "आणि शिमग्याला तू बाबांना हिच्यातून नेणार आहेस."

खरी गोम तिथेच होती. कोकणातलं आमचं घर डोंगराच्या कुशीत आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तशी आमच्याही अंगणात येते. शेवटची चढण मात्र उखडलेल्या जांभ्याची आहे, तिथे साधी गाडी चढत नाही. गेल्या वर्षी बाबांचे गुडघे नुकतेच बदललेले. भाड्याची गाडी चढणीखालीच थांबली. बाबा खाली टपरीवरच्या बाकड्यावर बसले आणि वर आपल्याच अंगणात वाजणारे ढोल त्यांनी खालून ऐकले. यंदा मी छातीवर हात मारून सांगितलं होतं, बाबा, गाडी थेट पायरीला लावतो.

"आधी ही धड आहे हे मला दाखव," बायको म्हणाली. "मग बाबांना बसव."

कल्याण-शीळ रस्त्यावरचं एक गॅरेज ऑफिसातल्या एकाने सुचवलं. सुचवताना तो हसला का, हे मी नंतर फार आठवत राहिलो. गॅरेजवाला माझ्याच वयाचा, बोलघेवडा, गळ्यात जाड चेन. गाडी वर चढवून त्याने खालून टॉर्च मारला.

"मोठ्या गाडीला खाली सांगाडा असतो साहेब, वर खोकं. हिला तसं काय नाय. पत्रा जोडून अंग केलंय, तेच सगळा भार घेतं. हिचं कातडं तेच हिचं हाड. तुम्ही हाडावर नाचलात."

"मग आता?"

"मागची चाकं जिथे अंगाला धरलीत तिथे जाड पट्ट्या जोडायच्या. कंपनीने ठिपक्याठिपक्याने वेल्डिंगचे टाके मारलेत, मधे मधे आपण शिवण मारायची. दोन्ही बाजू खालून एका आडव्या पट्टीने बांधायच्या. पण आधी गाडी सरळ टेकवून, कोनाकोनाने टेप लावून माप जुळवायचं. वाकडी असताना जोडली तर कायमची वाकडी."

ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की माझा संशय तिथूनच सुरू झाला. खरं काम करणारा माणूस एवढं छान बोलतो का?

त्याने काम चालू असताना फोटो पाठवले. ठिणग्या, पट्ट्या, टेप. मी ते बायकोला दाखवले.

"ही आपलीच गाडी कशावरून?" तिने विचारलं.

खालून सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. रंगाचा एक कोपरा तरी दिसावा म्हणून मी फोटो मोठे करकरून पाहिले. एका फोटोत त्याची चेन दिसली, गाडी नाही.

गाडी घरी आली तेव्हा खालून सगळीकडे काळा, जाड लेप. गंजू नये म्हणून, असं तो म्हणाला. मला वाटलं, लपावं म्हणून. पट्टी कुठे, शिवण कुठे, काही कळेना. आणि मग आम्ही मागचं दार लावून पाहिलं.

बसेना. पूर्वी दोनदा आपटून बसायचं, ते आता चारदा आपटूनही नाही.

"झालं," बायको म्हणाली. "नुसतं काळं फासून दिलंय."

मी फोन लावला. गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, "दार इथेपण अडत होतं साहेब. अंग सरळ झालंय आता. ती कडी कोणी हलवलीय का?"

बायको समोर उभी. मी ठणकावून सांगितलं, "कोणी नाही हलवली."

आणि ते खोटं नव्हतं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. मी कडी हलवली नव्हती. तिच्याखाली फक्त दोन वॉशर घातले होते. उलट मला रागच आला. काम करायचं नाही आणि वर आमच्यावर ढकलायचं!

मग मी स्वतःच तपास हाती घेतला. पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर लोहचुंबक चिकटत नाही, हे कुठेतरी ऐकलं होतं. फ्रिजवरचा, महाबळेश्वरहून आणलेला स्ट्रॉबेरीचा चुंबक घेऊन मी गाडीखाली शिरलो. लावला की पडे. लावला की पडे, बहुतेक वेळा माझ्या कपाळावर. माझे पाय बाहेर बघून वॉचमन वाकला.

"काय हरवलंय का सर?"

"नाही. शोधतोय."

संध्याकाळी त्याने बायकोला हळूच विचारलं म्हणे, सर बरे आहेत ना?

चुंबक चिकटत नाही, म्हणजे आत लोखंडच नाही. माझ्यापुरता निकाल लागला होता. कल्याणला जाऊन काय काय बोलायचं ते मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं. तेवढ्यात बाबा आले. शिमगा जवळ आला की ते कोपरीहून आमच्याकडे घोडबंदरला येतात, आम्ही ऐनवेळी बेत बदलू नये म्हणून. तेही संशयीच.

सगळं ऐकून ते काठी टेकत खाली पार्किंगमध्ये आले. दार उघडलं, लावलं, अडलं. पुन्हा उघडून कडीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"काय रे, पत्रिका घातलीस का कुठे?"

बायकोची मान सावकाश माझ्याकडे वळली.

"वॉशर," मी म्हणालो. "दोनच."

"कधी?"

"ते... थंडीत."

बाबा म्हणाले, "अरे, जमीन वाकडी तोवर पत्रिका. जमीन सरळ झाल्यावर पत्रिका काढायची असते. ठेवलीस तर तीच वाकडं करते."

मी पाना आणला. दोघांच्या देखरेखीखाली कडी सोडली, वॉशर काढले, कडी मूळ जागी आवळली. बायकोने एका बोटाने दार ढकललं. खट्. बसलं.

मला वाटलं सुटलो. पण ती म्हणाली, "थांब. हे सपाट जमिनीवर. कपाटाचा एक पाय उचलला की दार अडतं ना? हिचं एक चाक उचल."

जॅक लावून मी मागचं एक चाक अधांतरी केलं. गाडी एका कुशीवर कलली. चढणीवर कलेल तशीच. तिने दार उघडलं, पुन्हा एका बोटाने ढकललं. खट्. दुसरं चाक उचलायला लावलं. खट्. मग रेघेच्या जागी हात घालून बराच वेळ चाचपत राहिली. "आहे," ती शेवटी म्हणाली. "लेपाखाली जाड कड लागतेय." लेप इतका जाड होता की स्ट्रॉबेरीची काय बिशाद.

गॅरेजवाल्याला मी फोन केला आणि म्हटलं, दार बसलं. तो म्हणाला, "कडी होती ना?" मी आवाज तुटतोय असं म्हणून फोन ठेवला.

शिमग्याला आम्ही चढणीच्या पायथ्याशी पोचलो. टपरी तिथेच, बाकडं तिथेच. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. वरच्या वाडीत ढोल सुरू झाले होते. पालखी आमच्याकडे यायला दोनतीन घरं बाकी असावीत. मी पहिला गिअर टाकला.

"थांब," बाबा म्हणाले. "तू उतर. ती चालवेल."

"बाबा, गाडी पक्की आहे आता!"

"गाडीबद्दल मी कुठे काय म्हणालो?"

रोज घोडबंदर रोडच्या खोळंब्यातून ऑफिसला गाडी काढणारी माझी बायको स्टिअरिंगवर बसली. मी पुढे उलटा चालत, हातवारे करत दगड दाखवत होतो. जांभ्यावर एक चाक उचललं गेलं, गाडी कलली. आतून कुई झालं नाही, कच् झालं नाही. बाबा पुढच्या सीटवर काठी दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. गाडी थेट पायरीला लागली.

पालखी अंगणात आली. बायकोने मागचं दार उघडून ओटीचं ताट, नारळ काढले आणि माझ्याकडे बघत एका बोटाने दार लावलं. बाबा पालखीसमोर उभे राहिले, स्वतःच्या पायांवर, आणि मानकऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलले. त्याने गाऱ्हाणं घातलं. लेकरांना सांभाळ, शेतीभातीला सांभाळ, ही गाडी नि ती हाकणाऱ्या सुनेला सांभाळ, बाकीच्यांनाही सांभाळून घे.

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. बाकीच्यांतून मीही म्हटलं.