पांढऱ्या पाण्याचं गाव

मी घर सोडलं तेव्हा निरोप द्यायला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उदगीरजवळचं आमचं गाव. कित्येक वर्षं कोरडाठाक पडलेला तलाव आदल्या दिवशीच्या पावसानं भरला होता आणि सगळं गाव पाणी बघायला गेलं होतं. चुलींचा धूर निघत होता, कोंबड्या फिरत होत्या, पण हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही. पप्पा जीपमध्ये बॅगा चढवत होते. आई ओट्यावर बसली होती, डायलिसिसनं काळवंडलेली, तरी हसत. म्हणाली, "इतके दिस पानी न्हवतं तर तू हुतीस. आता पानी आलं अन् तू चाललीस." हैदराबादच्या विमानतळापर्यंत पप्पा मला पासपोर्ट आणि तिकीट पुन्हापुन्हा तपासायला लावत राहिले. दुसरं काही बोललो असतो तर दोघांपैकी एकजण रडला असता.

बाहेर शिकायला गेलेल्यांनो, तुम्हालाही लोक विचारत असतील, देश कसा निवडला? कुणी सांगतं कॉलेजचं नाव बघितलं, कुणी सांगतं मामाचा मुलगा तिथं होता. आम्ही पाणी बघून निवडला. हसा खुशाल. पण दुष्काळात लातूरला राहिलेला माणूस हसणार नाही.

मी तेव्हा लातुरात क्लासला होते. उन्हाळ्यात होस्टेलं रिकामी झाली, पोरी गावी गेल्या. एरवी सायकलींनी भरलेल्या त्या गल्ल्यांतून चालताना स्वतःच्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटायचं. मी गेले नाही, कारण आईचं डायलिसिस लातुरातच होतं. मशीनला पाणी लागतं. टँकर आला नाही की पेशंट बाकड्यांवर बसून राहायचे, रस्त्याकडं कान लावून. आणि किडनी गेलेल्या माणसाला पिण्याचं पाणीही मोजूनमापून. सगळं शहर पाणी नाही म्हणून तहानलेलं, आणि माझी आई समोर तांब्या भरलेला असला तरी तहानलेली. ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. तेवढ्यापुरता तिचा चेहरा सैल पडायचा.

पप्पा तिला समजवायचे, "उदगीर जिल्हा झाला की शिव्हिल येतंय. मग घराजवळच मशीन."

"जिल्हा हुईस्तोवर मी राह्यले तर," आई म्हणायची. जिल्हा काही झाला नाही.

इथं एमबीबीएसला नंबर लागला नाही, तेव्हा पप्पा मला लातूरच्या एका हॉटेलातल्या सेमिनारला घेऊन गेले. एजंटानं चार देशांची चार पुस्तकं दिली. पप्पा शाळामास्तर, रात्रंदिवस वाचून त्यांनी एका देशाचं कॉलेज पक्कं केलं होतं. शिकवणं चांगलं, थेट विमान, निघालं की दुसऱ्या दिवशी घरी. पप्पांना हे थेट विमान का हवं होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं. पण पुस्तकं बघता बघता तिचं बोट कझाकस्तानातल्या एका कॉलेजच्या फोटोवर थांबलं. कॉलेज कोपऱ्यात, आणि समोर नुसता तलाव. निळाशार, पलीकडचा काठ न दिसणारा.

"हितं पाठवा पोरीला," ती म्हणाली. "हितं मशीन बंद पडायची न्हाई."

पप्पांनी एजंटाला फोन लावून विचारलं, "हे पाणी बारमाही हाय का?" तो बिचारा भाषेबद्दल, विमान बदलण्याबद्दल, हिवाळ्यात बंद पडणाऱ्या रस्त्यांबद्दल सांगू लागला. आम्ही ऐकलंच नाही. पाणी बारमाही आहे एवढंच ऐकलं.

तलाव फोटोत होता तसाच निघाला. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, "तुझं तोंड ऱ्हाऊ दे, पानी दाखव." मी खिडकीशी मोबाइल धरायची. रूममेट अंजली राजस्थानची, तिला यात काही विचित्र वाटलं नाही.

नोव्हेंबर लागला तेव्हाची गोष्ट. तलाव अजून निळा होता. आईचा फोन आला आणि ती हळू आवाजात, शेजारी कुणी झोपलं असल्यासारखं बोलू लागली.

"काल तुझ्या पान्यावर चालून आले. समदं पांढरं झालतं. पाय भिजलेच न्हाईत. निस्तं गार लागून राह्यलं हुतं. एक म्हातारा वाकून भोक पाडत हुता. त्यानं खडा दिला, खाल्ला. तहान गेली बघ, पोरी."

मी तिला तलाव गोठतो हे कधी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच कुठं माहीत होतं! पप्पांना विचारलं तर म्हणाले, "टीव्हीत बघितलं आसंल. आपुन आसलं काय मानत न्हाई." खरंच आहे. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. अंगारे-धुपारे, नवस, भुतंखेतं आजोबांनीच घराबाहेर काढलेली. मीही टीव्हीवर सोडून दिलं.

डिसेंबरात एका सकाळी खिडकी उघडली आणि पाणी गेलेलं होतं. पांढरं मैदान, त्यावर लांबच लांब भेगा. बर्फ आतून आवाज करायचं, जड लाकडी पेटी कुणीतरी फरशीवरून ओढावी तसा. आणि मैदानाच्या मध्यावर एक म्हातारा वाकून भोक पाडत होता. मासे धरायला, असं अंजलीनं सांगितलं. मी खिडकी लावून घेतली ती गार लागत होतं म्हणूनच, अशी मी मनाची समजूत घातली.

जानेवारीत परीक्षा सुरू होती. एका दुपारी पेपर देऊन आम्ही दोघी बर्फावर फिरायला उतरलो. काठापासून आत अनवाणी पावलं उमटलेली होती. बारीक, बाईची. डावा पाय जरा फरफटलेला. आईचा डावा पाय तसाच पडायचा. मी त्या पावलांच्या बाजूबाजूनं चालत गेले. मासेवाल्याच्या भोकाशी ती थांबली होती. परतीची पावलं नव्हती.

"इकडचे लोक थंडीत मुद्दाम बुडी मारतात," अंजली म्हणाली. बरोबर आहे, मारतात. पण मला तिथं उभं राहवेना. खोलीवर येऊन घरी फोन लावला. पप्पा म्हणाले, "आई झोपलीय. तू पेपरकडं बघ." नंतरचे चार दिवस आई झोपलेलीच होती.

शेवटचा पेपर झाल्यावर त्यांनी सांगितलं. ती पावलं दिसली त्याच दुपारी आई गेली होती. लातूरला नेताना, जीपमध्ये. मी पप्पांवर इतकी ओरडले की होस्टेलच्या मावशी धावत आल्या. ओरडून तरी काय होणार होतं? ती गेली त्याच रात्रीपासून तिकडं बर्फाचं वादळ सुरू झालं होतं, रस्ते बंद, विमानं बंद. त्या थेट विमानाच्या देशात असते तर दुसऱ्या दिवशी तिचं तोंड बघितलं असतं. तिनंच मला इतक्या लांब पाठवलं. तिला हे कळत नव्हतं असं मला आजही म्हणवत नाही. मला मरण दिसू नये म्हणून पाठवलं का, हे विचारायचं राहून गेलं, आणि याचा राग मला तिचाच येतो.

कोर्स पुरा केला, परत येऊन इथली परीक्षा पास झाले. आता नांदेडात डायलिसिस विभागात आहे. वॉर्डात येणारे-जाणारे विचारतात, घर कुठलं? नांदेड म्हणावं, उदगीर म्हणावं, की त्या पांढऱ्या तलावाकाठची खिडकी म्हणावी, मला चटकन सांगता येत नाही.

पप्पा रिटायर होऊन गावात एकटेच राहतात. मागच्या वेळी मी हट्टच धरला: घर बंद करा, नांदेडला चला. त्यांनी भाताचं ताट बाजूला सारलं. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी आलो आसतो गं. पर ती चालत यायला निघालेली हाय. लांबून यायचंय, एक पाय दुखरा. आली अन् दाराला कुलूप दिसलं तर?"

मी त्यांना पावलांचं कधीच सांगितलं नव्हतं. अंजलीशिवाय ते कुणालाच माहीत नाही.

आम्ही असलं काही मानत नाही. त्या दिवशी मी त्यांच्याशी वाद घातला नाही, ताट उचललं, भांडी घासली. आणि झोपायला जाताना सवयीनं दाराशी गेले, कडीला हात लावला, आणि न घालता तशीच मागे फिरले.