मांडाकारूचा कौल

होनोराटो म्हातारा पाऊस सांगायचा. सिआरा प्रांताच्या त्या रखरखीत मुलखात रेडिओवरचा अंदाज कोणी मनावर घेत नसे, पण होनोराटोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच्या अंगणात मांडाकारू होता, घराहून उंच, अंगभर काट्यांचा निवडुंग. त्याची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि ऊन चढलं की मान टाकतात. भर दुष्काळात तो फुलला की पाऊस जवळ आला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. होनोराटो मात्र नुसत्या फुलावर कधी बोलला नाही. मुंग्यांनी कोरड्या ओढ्यातलं बिऱ्हाड वर हलवलंय का, हे बघितल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नसे. कोणी फार मागे लागलं तर म्हणायचा, "पाऊस काय माझा जावई आहे, बोलावला की यायला?"

त्या दुष्काळाच्या साली गावाने आपापले मांडाकारू तोडून, काटे जाळून टाकून गुरांना घातले. गुरं तरीही मेली. होनोराटोचा तेवढा उभा राहिला. त्याला कोणी कोयता लावला नाही. शेजारचा आन्सेल्मो बायकापोरांना घेऊन शहराकडे निघायच्या बेतात होता. घरात बियाण्याच्या घेवड्याचं एक पोतं होतं. पाऊस येणार असेल तर पेरायचं, नाहीतर वाटेत शिजवून खायचं.

आणि एका पहाटे मांडाकारू फुलांनी लगडलेला दिसला. म्हाताऱ्याला रडूच फुटलं. मुंग्या ओढ्यातच होत्या, हे त्याने पाहिलं होतं. पण आन्सेल्मोची धाकटी त्याच्या मांडीवर वाढलेली. ती जाऊ नये म्हणून जीव तुटत होता.

"पेर," तो आन्सेल्मोला म्हणाला.

पेरलं. ढग काही फिरकला नाही. बी मातीतच भाजून निघालं.

मग एकदा त्याने पाहिलं, सून इदालिना भांडी धुतलेलं पाणी मांडाकारूच्या बुंध्याशी ओतत होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुमचा लेक शहरात गेला तेव्हापासून, बाबा." तिने रिकामं भांडं खाली ठेवलं. "पाऊस पडला की येतो म्हणाला होता. मला वाटलं, हा फुलला की पाऊस येईल."

होनोराटोने ओल्या बुंध्याकडे पाहिलं. तिच्यावर ओरडायला जोरच उरला नव्हता. मुंग्या तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

आन्सेल्मो निरोप घ्यायला आला. मालमोटार वेशीवर उभी होती. धाकटी भुकेने किरकिरत होती.

"पोरी, कोणाला काही बोलू नकोस," होनोराटो सुनेला हळूच म्हणाला आणि बाहेर आला. "आन्सेल्मो, चूक माझी. माझ्यापायी तुझं पोतं मातीत गेलं."

"असू दे हो, काका. देवाच्या मनात नव्हतं, तुम्ही काय करणार?" आन्सेल्मोने वाकून त्याचा हात कपाळाला लावला. "फक्त एवढं सांगा, पाऊस कधी पडेल? तुम्ही म्हणाल तेव्हा परत येतो."



म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला. "मला विचारू नकोस," तो म्हणाला, आणि गाडी सुटेपर्यंत त्याने मान वर केली नाही.