नजर उतरली, फीत उतरली

सावधान! एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करतो. 'उतरवणे' या एका मराठी शब्दाने आमच्या पलटणीत जेवढा हाहाकार माजवला, तेवढा शत्रूलाही कधी जमला नाही. विश्राम.

सिव्हिलियन मंडळींसाठी खुलासा. तुमच्याकडे विंचू उतरवतात, टपावरचं सामान उतरवतात. फौजेत फीत उतरवतात. बाहीवरची फीत गेली की कालचा लान्स नायक आज साधा सिपाही. काल ज्यांच्यावर ओरडायचा, आज त्यांच्याच रांगेत ताट घेऊन उभा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पलटण उत्तरेच्या पहाडात. मी हवालदार, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचा. लान्स नायक बबन आष्टीचा, विधवा मायचा एकुलता मुलगा. पलटणीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

पलटणीचे प्रमुख, म्हणजे सीओ साहेब, यांना मुलगा झाला. मेसमध्ये पार्टी ठेवली, ब्रिगेडिअर साहेब पाहुणे. सीओ साहेब आठवडाभर खोकत होते. मेस ड्यूटीवरच्या बबनने निदान केलं: नजर लागली! त्याने साहेबांच्या खुर्चीमागून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि सरळ पेटत्या बुखारीत, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीत, टाकल्या. थोड्याच वेळात ब्रिगेडिअर साहेबांसकट अख्खी मेस खोकत बाहेर बर्फात.

"ये क्या था?" सीओ साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"सर, आपकी नजर उतारी."

सकाळी बबनला साहेबांपुढे मार्च करवलं. त्याने साहेबांची नजर उतरवली, साहेबांनी त्याची फीत.

पुढे आम्ही दोघं सोबतच रजेवर आलो. वर्ध्याच्या बस स्टँडवर बबनने पिशवीतून फीत आणि सुईदोरा काढला.

"काय करून राह्यला बे?"

"फीत शिवून राह्यलो. मायले सांगू नका, भाऊ."

"काऊन? सिपाही का चोर असते?"

"तसं नाई. नजर उतरवाले तिनंच शिकवलं मले. त्याच्यापायी फीत गेली म्हटलं, तर बुढी जन्मभर सोतःले खात बसन."

नसलेल्या रँकची फीत लावणं हा गुन्हा. मी हवालदार. माझं कर्तव्य मला चोख ठाऊक होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

साक्षीला म्हणून तो मला आष्टीला घेऊन गेला. मायने दारातच त्याच्या बाहीवरून हात फिरवला.

"हे टाके कोनं मारले रे?"

"फौजेतल्या दर्जीनं, माय."

"लय बेकार हात हाय त्याचा."

मग तिने आमच्या दोघांवरून मिरच्या ओवाळल्या. बबनच्या मिरच्या चुलीत गुपचूप जळाल्या. माझ्या पडल्या आणि घरभर ठसका उठला.

"तुले नजर नाई लागली, बापू," ती हसून म्हणाली. "तुह्याकडं पाह्यते कोन?"

पुढच्या हिवाळ्यात बबनची गस्तीची तुकडी कोसळत्या बर्फाच्या कड्याखाली सापडली. तुकडीचे प्रमुख जागीच गेले. परतीची वाट वाहून गेली. पोस्टवर वायरलेस सेटपाशी मी होतो.

"सीनियर कौन है? ओव्हर."

"कोई नहीं. सिपाही बबन. ओव्हर."

"कमांड तुम लो. ओव्हर."

"विल्को." म्हणजे हुकूम समजला, पाळतो.

बर्फ अजून घसरत होतं. बबनने वर उभं राहून एकेकाला रस्सीने खाली सोडलं. शेवटी सेटवर वऱ्हाडी आली, तीही नियमाविरुद्ध.

"भाऊ, चारही उतरले. ओव्हर."

"आता तू उतर. ओव्हर."

"उतरतो."

त्यानंतर सेट बोलला नाही. ते चौघं आजही आहेत. एकाने नातवाचं नाव बबन ठेवलंय.

अस्थी घेऊन मी आष्टीला गेलो. जीप दारात थांबली. माय बाहेर आली. फितीचं गुपित मी अजून सांभाळून होतो. बबनचं तेवढंच एक काम माझ्याकडे बाकी होतं. ड्रायव्हरला म्हणालो, "कलश उतरव."

तिने माझ्या बाहीकडे पाहिलं. माझ्या फितींना फौजेतल्या दर्जीचे, मशीनचे सरळ, बारीक टाके होते. तिने दोन्ही हातांनी जीपची फळी घट्ट धरली आणि ओरडली,

"फीत उतरवली तेवढं पुरे झालं! आता माह्या पोराले खाली उतरवू नका!"